परिचारिकांना सुरक्षित औषधव्यवस्थापन शिकवताना: ट्रीटमेंट शीटपासून रुग्णाच्या खाटेपर्यंत

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. हे पाच ‘योग्य’ प्रत्येक परिचारिकेला पहिल्याच वर्षी पाठ होतात. तरीही चुका होतात, आणि जिच्या हातून चूक झाली तीही ही यादी घडाघडा म्हणून दाखवते. यादी काय साधायचं ते सांगते. ते साधायला हातांनी नेमकं काय करायचं, हे तिच्यात नाही. ‘योग्य रुग्ण’ हे उद्दिष्ट झालं. मनगटपट्टीवरचं नाव आणि नोंदणी क्रमांक ट्रीटमेंट शीटशी (डॉक्टरांच्या औषधांच्या ऑर्डर आणि दिल्याच्या सह्या असलेल्या तक्त्याशी) ताडून पाहणं ही कृती झाली. प्रशिक्षण कृतीचं असावं आणि परीक्षाही कृतीचीच घ्यावी.

हा लेख वॉर्डच्या इन्चार्ज आणि नर्सिंग शिकवणाऱ्यांसाठी आहे. एका प्रशिक्षकामागे आठ-दहा जणींपेक्षा मोठी तुकडी घेऊ नका, कारण प्रत्येकीचे हात पाहता आले पाहिजेत. स्लाइड्स कमीत कमी ठेवा. खऱ्या (मुदत संपलेल्या, वेगळ्या खूण करून ठेवलेल्या) अँप्युल (फोडून उघडायच्या काचेच्या कुप्या), व्हायल (रबरी बुचाच्या बाटल्या), सिरिंजा, कोऱ्या ट्रीटमेंट शीट आणि मनगटपट्ट्या टेबलावर हव्यात.

वर्ग घेण्याआधी ट्रॉलीमागे चाला

सकाळ, संध्याकाळ आणि रात्र अशा प्रत्येक शिफ्टमधली एक औषधफेरी वही घेऊन पाहा. नावं लिहू नका, फक्त घटना लिहा. औषध काढताना किती वेळा कुणी हाक मारली? भरलेल्या सिरिंजवर लेबल होतं का? सही औषध दिल्यावर झाली, की फेरी संपल्यावर सगळ्या सह्या एकदम झाल्या? ओळख कशी पटवली? कोणती औषधं कपाटात शेजारी शेजारी आहेत? अभ्यासक्रम या वहीतून ठरवायचा. ज्या वॉर्डात सह्या उशिरा होतात तिथे अँप्युल फोडण्याच्या तंत्रावर दोन तास घालवून काही उपयोग नाही.

व्यत्ययांची मोजणी जरूर करा. ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्येक व्यत्ययामागे कार्यपद्धतीतल्या त्रुटी सुमारे १२ टक्क्यांनी आणि औषधाच्या प्रत्यक्ष चुका जवळपास १३ टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या. ‘व्यत्यय आणू नका’ असं लिहिलेला एप्रन घालण्यापेक्षा फेरीच्या वेळेत फोन आणि नातेवाईक कोण सांभाळणार हे ड्युटी लावतानाच ठरवलं तर फरक जास्त पडतो. आणि व्यत्यय आलाच, तर औषध ‘जिथे सोडलं तिथून पुढे’ काढायचं नाही, ऑर्डर पहिल्यापासून वाचायची. हे वर्गात मुद्दाम करून घ्या: विद्यार्थिनी डोस मोजत असताना तिला हाक मारा आणि परतल्यावर ती कुठून सुरू करते ते पाहा.

पहिली पायरी: ऑर्डर वाचणं आणि अपुरी ऑर्डर परत पाठवणं

पूर्ण ऑर्डरमध्ये रुग्णाचं नाव व क्रमांक, वजन, अॅलर्जी, औषधाचं मूळ नाव, एककासह मात्रा, मार्ग, वेळा, सुरू केल्याची तारीख, किती दिवस आणि सही एवढं असतं. ‘गरजेनुसार’ द्यायच्या औषधाला आणखी तीन गोष्टी लागतात: कशासाठी, दोन डोसांत किमान किती अंतर आणि २४ तासांत जास्तीत जास्त किती.

दहा-बारा ट्रीटमेंट शीट तयार करा. दोन निर्दोष ठेवा, बाकींत दोष पेरा. पेरण्यासारखे दोष हे:

- मिलीग्रॅमच्या आकड्यात दशांशचिन्हानंतर उगाच शून्य (१.० चे १० होतात), किंवा दशांशचिन्हाआधी शून्य नसणं (.५ चे ५ होतात).
- इन्सुलिनपुढे ‘युनिट’ हा शब्द पूर्ण न लिहिता नुसतं इंग्रजी ‘यू’ अक्षर. घाईच्या अक्षरात ते शून्यासारखं दिसतं आणि मात्रा दसपट होते.
- मेथोट्रेक्सेट ‘रोज’. सांधेदुखी किंवा सोरायसिससाठी हे औषध आठवड्यातून एकदा असतं. चुकून रोज दिल्याने मृत्यू झालेले आहेत. वार लिहिलेला नसेल तर ऑर्डर अपुरी समजायची.
- पेनिसिलिनची अॅलर्जी नोंदलेल्या रुग्णाला अमॉक्सिसिलिन, जे पेनिसिलिनच्याच गटातलं आहे.
- पॅरासिटामॉल एका ओळीत नावाने आणि दुसऱ्या ओळीत सर्दीच्या मिश्र गोळीच्या पोटात.

दोष सापडणं हा अर्धाच भाग. डॉक्टरांना फोन करून काय बोलायचं, याची तालीम झाली नसेल तर सापडलेला दोषही गिळला जातो. म्हणून वाक्य मोठ्याने म्हणवून घ्या: “सर, या रुग्णाला पेनिसिलिनची अॅलर्जी नोंदलेली आहे, ऑर्डर अमॉक्सिसिलिनची आहे. मी डोस दिलेला नाही. दुसरं औषध लिहून द्याल का?” मग प्रशिक्षकाने डॉक्टर होऊन खेकसावं, “दे म्हटलं ना!” विद्यार्थिनीचं पुढचं वाक्यही तयार हवं: “सर, मला हे सुरक्षित वाटत नाही. मी तशी नोंद करते आणि इन्चार्ज सिस्टरना कळवते.” पहिल्यांदा सगळ्या अडखळतात. तिसऱ्या खेपेला आवाज स्थिर होतो.

तोंडी ऑर्डर फक्त आणीबाणीत घ्यावी: ऐकायची, लिहायची, लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि ‘बरोबर’ हा शब्द आल्यावरच हात हलवायचा. आकडे सुटे म्हणावेत, ‘त्रेपन्न’ नव्हे तर ‘पाच-तीन’. फोनवर त्रेपन्न, त्रेचाळीस आणि त्रेसष्ट यांच्यात गल्लत व्हायला थोडासा गोंगाट पुरतो.

दुसरी पायरी: गणित

इथे वेळ सढळ हाताने द्या. सूत्र एकच: हवी असलेली मात्रा भागिले उपलब्ध मात्रा, गुणिले ती ज्या आकारमानात आहे ते आकारमान. पण आकडेमोडीआधी अंदाज बोलून दाखवायची सवय लावा. ‘हे एका अँप्युलपेक्षा कमी येणार की जास्त?’ याचं उत्तर आधी देणारी परिचारिका दसपटीची चूक स्वतःच पकडते. उत्तर दोनपेक्षा जास्त अँप्युल किंवा तीनपेक्षा जास्त गोळ्या मागत असेल, तर थांबून ऑर्डर पुन्हा वाचायची. कधीकधी ऑर्डर बरोबरच निघते, तरी हे थांबणं वाया जात नाही.

सरावाची उदाहरणं:

बालरुग्ण, वजन १२ किलो, पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलीग्रॅम. मात्रा १८० मिलीग्रॅम. बाटलीवर ‘५ मिलिलीटरमध्ये २५० मिलीग्रॅम’ असेल तर ३.६ मिलिलीटर, ‘५ मिलिलीटरमध्ये १२० मिलीग्रॅम’ असेल तर ७.५ मिलिलीटर. दोन्ही बाटल्या समोर ठेवा. ‘पाच मिली द्या’ ही ऑर्डर का चालत नाही, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

सलाईन ५०० मिलिलीटर, चार तासांत, मिलिलीटरमागे २० थेंबांचा सेट. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं. मिनिटाला साधारण ४२ थेंब. ६० थेंबांच्या मायक्रोड्रिप सेटमध्ये तासाचे जितके मिलिलीटर तितकेच मिनिटाचे थेंब. सेट बदलला की थेंब बदलतात. पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय हिशेब सुरू करू देऊ नका.

डोपामिन, रुग्णाचं वजन ६० किलो, किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम, सिरिंज पंपात २०० मिलीग्रॅम एकूण ५० मिलिलीटरमध्ये. तासाला लागतात ५ × ६० × ६० = १८,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १८ मिलीग्रॅम. द्रावणात मिलिलीटरला ४ मिलीग्रॅम. पंप ताशी ४.५ मिलिलीटर. इथे घसरण दोन जागी होते: मिनिटाचा तास करायला विसरणं आणि मायक्रोग्रॅमचा मिलीग्रॅम करायला विसरणं. शिवाय ‘एकूण ५०’ म्हणजे २०० मिलीग्रॅम औषधाच्या ५ मिलिलीटरमध्ये ४५ मिलिलीटर सलाईन, ५० नव्हे.

इन्सुलिनच्या व्हायल जिथे मिलिलीटरला ४० आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतेत मिळतात तिथे सिरिंजही दोन प्रकारच्या असतात. १०० तीव्रतेचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं तर रुग्णाला २५ युनिट जातात. उलट अदलाबदलीत १० ऐवजी फक्त ४ जातात. दोन्ही सिरिंजा रंगीत पाणी भरून शेजारी धरा, फरक डोळ्यांना दिसतो. साध्या १ मिलिलीटरच्या सिरिंजने इन्सुलिन भरायला तर साफ मनाई करा.

अॅड्रेनलिनची ‘एकास हजार’ म्हणजे मिलिलीटरला १ मिलीग्रॅम, ‘एकास दहा हजार’ म्हणजे मिलिलीटरला ०.१ मिलीग्रॅम. तीव्र अॅलर्जीत प्रौढाला मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ०.५ मिलीग्रॅम, म्हणजे पहिल्या तीव्रतेचं अर्धा मिलिलीटर. हाच डोस स्नायूऐवजी झटक्यात शिरेतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. हे उदाहरण घड्याळ लावून सोडवायला द्या, कारण प्रत्यक्षात ते तसंच सोडवावं लागतं.

पावडरच्या व्हायलमध्ये पाणी घातल्यावर होणारं आकारमान घातलेल्या पाण्यापेक्षा थोडं जास्त असतं. पूर्ण व्हायल द्यायची असेल तर फरक पडत नाही, नवजात बाळाला त्यातला काही भाग द्यायचा असेल तर पडतो. किती पाणी घालून किती तीव्रता मिळते, ते माहितीपत्रकावरूनच घ्यायचं.

गणिताच्या चाचणीत ८० टक्क्यांना उत्तीर्ण करू नका. पाचातला एक हिशेब चुकणं म्हणजे फेरीतल्या एका रुग्णाला चुकीचा डोस जाणं. शंभर टक्के हवेत, पण पुन्हा बसण्याची संधी कितीही वेळा द्या.

तिसरी पायरी: औषध काढणं आणि भरणं

एका वेळी एकच रुग्ण. लेबल तीनदा वाचायचं: कपाटातून घेताना, भरताना आणि रिकामी अँप्युल टाकण्याआधी. भरलेली सिरिंज हातातून खाली ठेवायच्या आत तिच्यावर औषधाचं नाव, मात्रा, आकारमान, वेळ आणि आद्याक्षरं. रिकाम्या सिरिंजांना आधीच लेबलं लावून ओळीने मांडणं ही ‘नीटनेटकी’ सवय धोक्याची असते. लेबल नसलेली सिरिंज, ती कुणीही ‘सलाईनच आहे’ म्हणून सांगितली तरी, टाकून द्यायची.

दुसरीने भरलेलं औषध आपण द्यायचं नाही. तोंडाने द्यायचं द्रवऔषध तोंडाच्याच सिरिंजने मोजायचं, कारण ती शिरेच्या कॅन्युलाला (शिरेत बसवलेल्या नळीला) बसत नाही. प्रत्येक रुग्णाला नवी सुई आणि नवी सिरिंज. एकदाच वापरायच्या व्हायलमधलं उरलेलं औषध पुढच्या रुग्णासाठी जपून ठेवायचं नाही. अनेक डोसांच्या व्हायलवर उघडल्याची तारीख लिहायची आणि कंपनीने वेगळी मुदत दिली नसेल तर २८ दिवसांनी टाकायची.

काय कशात मिसळतं याचा तक्ता औषध काढायच्या जागी भिंतीवर हवा. फेनिटॉइन ग्लुकोजच्या सलाईनमध्ये साका धरतं. ते नॉर्मल सलाईनमध्येच, आणि प्रौढांत मिनिटाला ५० मिलीग्रॅमपेक्षा वेगाने नाही. सेफ्ट्रिअॅक्सोन आणि कॅल्शियम एकत्र आले की खडे धरतात. नवजात बाळांत हे जिवावर बेतलेलं आहे. व्हँकोमायसिनचा एक ग्रॅम किमान १०० मिनिटं चालवावा; घाई केली तर अंग लाल होऊन खाजतं, रक्तदाब उतरतो आणि ती अॅलर्जी समजली जाते. हळूहळू विरघळणाऱ्या आणि आतड्यात सुटणाऱ्या आवरणाच्या गोळ्या कुटून पोटात घातलेल्या नळीतून देऊ नयेत. दिवसभराची मात्रा एकदम सुटते, किंवा नळी बुजते. पर्यायी द्रवरूप आहे का, हे फार्मासिस्टला विचारावं.

चौथी पायरी: खाटेजवळ

“तुम्ही अमुक ना?” असं विचारलं की झोपेत असलेला, कमी ऐकू येणारा किंवा घाबरलेला रुग्ण ‘हो’ म्हणतो. “तुमचं पूर्ण नाव सांगा” असं विचारावं आणि उत्तर पट्टीशी व शीटशी ताडावं. दोन ओळखखुणा लागतात. खाटेचा क्रमांक ही ओळखखूण नाही, कारण खाटा बदलतात. अॅलर्जी रुग्णाला पुन्हा एकदा विचारायची, कागदावर कोरी जागा असेल तर नक्कीच.

मग औषधानुसार एक तपासणी. डिगॉक्सिनआधी छातीवर पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. प्रौढात ६० च्या खाली असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं. इन्सुलिनआधी साखर, आणि जेवणाचं ताट खरंच आलंय का. मॉर्फिनआधी श्वासाची गती आणि गुंगी. श्वास मंदावण्याआधी गुंगी वाढते, म्हणून फक्त श्वास मोजणं पुरत नाही.

काय देतोय ते रुग्णाला सांगायचं. “माझी रोजची गोळी तर पिवळी असते” असं रुग्ण म्हणाला तर समजूत काढायची नाही, परत जाऊन पाहायचं. गोळी गिळेपर्यंत थांबायचं. सही त्यानंतर, त्याच जागी, आधी कधीच नाही. डोस दिला गेला नाही तर रकाना कोरा न ठेवता कारण लिहायचं. कोरा रकाना पाहून पुढच्या शिफ्टची सिस्टर तो डोस देते आणि मात्रा दुप्पट होते.

अतिजोखमीची औषधं

इन्सुलिन, हेपारिन व इतर रक्त पातळ करणारी औषधं, तीव्र पोटॅशियम क्लोराइड, मॉर्फिनसारखी ओपिऑइड, केमोथेरपी आणि स्नायू शिथिल करणारी औषधं. यांच्यात चुका जास्त होतात असं नाही, पण झालेली चूक भरून निघत नाही.

पोटॅशियमची १५ टक्के तीव्रतेची १० मिलिलीटरची अँप्युल दिसायला साध्या पाण्यासारखी असते आणि तिच्यात २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. थेट शिरेत ढकलल्यास हृदय थांबतं. प्रशिक्षणापेक्षा मोठा उपाय म्हणजे ही अँप्युल साध्या वॉर्डातून काढून टाकणं आणि आधीच मिसळलेल्या बाटल्या ठेवणं. ते शक्य नसेल तर वेगळं कुलूप, वेगळं लेबल. केमोथेरपीचं व्हिन्क्रिस्टिन शिरेऐवजी पाठीच्या कण्यातल्या द्रवात गेलं तर जवळजवळ नेहमीच जीव जातो. म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईनच्या पिशवीतून द्यायचं.

दुहेरी तपासणी सर्वत्र ‘होते’, पण कशी? “दहा युनिट भरलंय, बघ ना.” “हो, बरोबर.” दुसरीने उत्तर आधीच ऐकलेलं असतं, म्हणून ती तेच पाहते. खरी तपासणी अशी: पहिली काहीही न सांगता शीट, व्हायल आणि सिरिंज पुढे ठेवते. दुसरी ऑर्डर वाचते, हिशेब वेगळ्या कागदावर करते, मग सिरिंजची खूण पाहते आणि आकडा मोठ्याने सांगते. जुळला तरच सही. पंप असेल तर वेग आणि नळी कुठे जोडली आहे हेही, खाटेजवळ जाऊन. ही पद्धत मोजक्या औषधांपुरतीच ठेवा; सगळ्याच औषधांना लावली तर आठवड्यात ती नुसत्या सह्यांची होते.

दाखल होताना, हलवताना, घरी जाताना

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या औषधसुरक्षेच्या मोहिमेत तीन क्षेत्रांवर भर दिला: जोखमीच्या परिस्थिती, एकाच वेळी अनेक औषधं आणि रुग्ण एका ठिकाणाहून दुसरीकडे जातानाचे टप्पे. तिसऱ्याचा सराव घेणं सोपं आहे. एकीला रुग्ण करा, तिच्या पिशवीत आठ औषधं द्या: त्यांत दोन वेगळ्या नावांची पण आत एकच औषध असलेली, एक डोळ्यांचे थेंब, एक आठवड्याचं इंजेक्शन. “कोणती औषधं घेता?” एवढ्या प्रश्नावर थेंब, इन्हेलर, गर्भनिरोधक गोळ्या आणि जडीबुटीची औषधं निसटतात, कारण रुग्णाच्या लेखी ती औषधंच नसतात. प्रत्येकाबद्दल वेगळं विचारायला शिकवा.

परिचारिका स्वतः औषध लिहून देते तेव्हा

हे देशाच्या कायद्यावर आणि तिच्या नोंदणीवर अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये १९९२ च्या कायद्याने मर्यादित यादीपासून सुरुवात झाली. २००६ पासून पात्र परिचारिकांना आपल्या कौशल्याच्या कक्षेतली जवळपास सर्व परवानाप्राप्त औषधं लिहिण्याची मुभा मिळाली. अनेक देशांत परवानगी नाही, किंवा फक्त लेखी प्रोटोकॉलनुसार देता येतं. तसा प्रोटोकॉल असेल तर कोणत्या रुग्णाला, किती, कुणाला अजिबात नाही आणि डॉक्टरांना कधी बोलवायचं हे चारही त्यात लिहिलेलं हवं.

शिकवताना जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये मांडलेल्या सहा पायऱ्या अजून उत्तम चालतात: रुग्णाची अडचण ठरवा, उपचारातून काय साधायचं ते ठरवा, निवडलेलं औषध याच रुग्णाला चालेल का ते तपासा, उपचार सुरू करा, माहिती व धोक्याच्या सूचना द्या, परिणाम पाहून चालू ठेवा किंवा थांबवा. नवशिक्यांची गाडी दुसऱ्या पायरीवर अडते. ताप उतरवायचा की संसर्ग बरा करायचा, हे ठरलेलं नसताना अँटिबायोटिक लिहिलं जातं. म्हणून प्रत्येक सराव-प्रिस्क्रिप्शनवर ‘कशासाठी’ आणि ‘कधी थांबवायचं’ असे दोन रकाने सक्तीचे करा. तिसऱ्या पायरीत मूत्रपिंड, यकृत, गर्भारपण, स्तनपान, आधीची औषधं आणि अॅलर्जी हे सहाही प्रश्न दर वेळी.

सुरुवातीला दहा-पंधरा औषधांचीच स्वतःची यादी करायला सांगा आणि ती तोंडपाठ नव्हे, तर आतून माहीत असू दे. जिने लिहिलं तिनेच ते औषध काढून देऊ नये. मध्ये दुसऱ्या व्यक्तीची नजर राहिली पाहिजे.

चूक झाली तर

क्रम असा: आधी रुग्ण पाहा, नाडी, रक्तदाब, श्वास, शुद्ध, साखर. डॉक्टरांना लगेच कळवा. उतारा असेल तर मागवा. ओपिऑइडसाठी नॅलोक्सोन, हेपारिनसाठी प्रोटामिन. व्हायल, सिरिंज, पंप तसेच बाजूला ठेवा. केसपेपरवर काय दिलं, किती, केव्हा आणि पुढे काय केलं, एवढंच लिहा. कारणमीमांसा आणि दोषारोप तिथे नको. रुग्णाला किंवा नातेवाइकांना खरं सांगा, ते कोण सांगणार हे डॉक्टरांशी ठरवून. घटनेचा अहवाल वेगळ्या फॉर्मवर.

रुग्णापर्यंत न पोचलेल्या, वेळीच पकडलेल्या चुकाही फॉर्मवर याव्यात. पहिल्या फॉर्मनंतर खुलासा मागवलात की दुसरा येणार नाही. चर्चेत ‘कुणी केलं’ ऐवजी ‘या दोन सारख्या दिसणाऱ्या अँप्युल एकाच खणात कशा आल्या’ असं विचारा, आणि खण त्याच दिवशी बदला.

कुणाला उत्तीर्ण करायचं

वर्गातली लेखी परीक्षा फक्त गणितापुरती. बाकी सगळं वॉर्डात, तीन पूर्ण औषधफेऱ्या प्रशिक्षकासमोर, त्यातली एक रात्रीची. निरीक्षणाच्या यादीतले काही मुद्दे निर्णायक ठेवा: ओळख पटवणं, अॅलर्जी विचारणं, सिरिंजवर लेबल, दिल्यावर सही, स्वतंत्र दुहेरी तपासणी. यातला एकही चुकला तर ती फेरी धरायची नाही, बाकी कितीही चांगलं असो. प्रशिक्षकाने मध्ये टोकायचं ते फक्त औषध रुग्णापर्यंत चुकीचं जाणार असेल तेव्हाच. एरवी गप्प राहून लिहायचं.

तीन फेऱ्या पूर्ण होईपर्यंत नव्या सिस्टरने अतिजोखमीची औषधं एकटीने द्यायची नाहीत, आणि हे ड्युटीच्या तक्त्यावर लिहिलेलं असावं. मनुष्यबळ कमी म्हणून तिला तिसऱ्या आठवड्यात एकटीला रात्रपाळी लावली जाते, आणि तोपर्यंतचं सगळं शिकवणं तिथे अडतं. त्या रात्री इन्सुलिन आणि हेपारिनची दुसरी सही कोण करणार, शेजारच्या वॉर्डातली कोणती सिस्टर आणि तिचा एक्स्टेन्शन क्रमांक काय, हे नाव घालून तक्त्यात भरा.